हनुवटीवरचे तीन ठिपके

१९७४ च्या उन्हाळ्यात, अक्षय तृतीयेच्या चार दिवस आधी, मायच्या गळ्यातला चांदीचा टाक शेतात पडला. ती सकाळपासून कपाशीच्या पऱ्हाट्या उपटत होती. दुपारी पाणी प्यायला बसली तेव्हा गळ्यात काळा दोरा नव्हता. दोरा एका पऱ्हाटीच्या फांदीला अडकलेला मिळाला. टाक मिळाला नाही.

टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली मूर्ती. आमच्याकडे देव्हाऱ्यात देवांचे टाक असत आणि घरातल्या गेलेल्या माणसांचेही असत. हरवलेल्या टाकावर जी बाई होती ती माझी जन्मदाती. घरात तिला थोरली म्हणत. मी आठ महिन्यांचा असताना ती तापाने गेली. दीड वर्षाच्या आत वडिलांनी दुसरं लग्न केलं. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, नवं लुगडं आधी त्याला दाखवून मग नेसायचं, सणाचा पहिला घास त्याला लावून मग स्वतः जेवायचं, अशी चाल होती. मायने ती बावीस वर्षं पाळली.

थोरलीचा फोटो नव्हता. तिच्या माहेरचं कोणी उरलं नव्हतं. भाऊ होता, तो कामाच्या शोधात गेला तो परतला नाही. वडील तिच्याबद्दल बोलत नसत, आणि त्यांच्यामुळे घरात दुसरंही कोणी तिचा विषय काढत नसे. त्यामुळे थोरली दिसायला कशी होती, या प्रश्नाला घरात एकच उत्तर होतं, आणि ते मायच्या गळ्यात होतं.

मी चार-पाच वर्षांचा असताना मायने तो टाक माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हे तुही माय."

मी विचारलं, मग तू कोण?

"मीबी हाय," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

पुढे मी तो टाक रोज पाहिला. ती चुलीपाशी वाकली की तो पुढे लोंबायचा. त्यावरच्या बाईचे डोळे चेहऱ्याच्या मानाने मोठे होते, बदामासारखे, मध्ये टिंब. नाक सरळ. हातात कुंकवाचा करंडा. निऱ्यांच्या जागी सात उभ्या रेघा. कान नव्हते. पाय नव्हते, रेघा संपत तिथे बाई संपत असे. माझ्या आईला कान आणि पाय नव्हते, ही गोष्ट मी बराच काळ वस्तुस्थिती म्हणून धरली होती. शाळेत जायला लागल्यावर ती सोडली. चेहरा मात्र सोडला नाही.

टाक हरवला त्या वर्षी मी चोवीस वर्षांचा होतो. आमच्या भागातलं वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता आणि मी अकोल्याच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. आमच्या मुख्य उपसंपादकांचा एक नियम होता. एका माणसाने सांगितलेली गोष्ट ही बातमी नाही. दुसऱ्या माणसाने, पहिल्याशी बोलणं न होता, तीच गोष्ट सांगितली तर ती छापायची. या नियमापायी त्यांनी माझ्या कितीतरी बातम्या टोपलीत टाकल्या. त्यांचा तेव्हा राग येत असे. आज त्यांचे आभार मानावेसे वाटतात, त्याचं कारण पुढे येईल.

सणाला म्हणून मी घरी आलो होतो. आमचं गाव किन्हीराजापासून पायी तासाभरावर. दोन दिवस आम्ही वावर शोधलं. माती चाळणीने चाळली. शेजारच्या चार बायका येऊन हातभार लावून गेल्या. वडिलांच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे आत्याने, बांधावर बसून कुठे शोधायचं ते सांगितलं. आत्या लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडे आलेली. घरातलं देवाधर्माचं सगळं तिच्या हातात. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने निकाल दिला. तृतीयेला पितरांची घागर भरायची तर थोरलीचा टाक समोर पाहिजे. सापडत नसेल तर नवा करून आणा, अन् आजच आणा.

मी आणि माय जवळच्या मालेगावला बस बदलून रिसोडला गेलो. जुना टाक ज्याने केला होता तो सोनार अजून तिथेच बसत होता. साठीचा असावा. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. दुकान म्हणजे एक ओटा, भट्टी, आणि मागे लाकडी पेटी. आमच्या आधी मंगरूळपीरकडचा एक शेतकरी बसला होता. त्याला कुलदेवीचा टाक हवा होता. सोनाराने तो त्याच्या हातावर ठेवला, त्याने कपाळाला लावला आणि तो गेला.

सोनाराने मायला विचारलं, कोणाचा करायचा. ती म्हणाली, सवतीचा. त्याने मान हलवली, पुढे काही विचारलं नाही. समोर पडलेला काशाचा एक ठोकळा त्याने फडक्याने पुसून जवळ ओढला. तो साचा होता. कोरलेली आकृती खोलगट होती, तरी मी ती लगेच ओळखली. मोठे डोळे, करंडा, सात रेघा. याच साच्यावरून त्याने अर्ध्या तासापूर्वी त्या शेतकऱ्याची देवी उठवली होती.

मी विचारलं, ही कोण आहे.

"बाई हाय."

कोणती बाई?

"ज्याले देली त्याची," सोनार म्हणाला. मग त्याने समजावून सांगितलं. पुरुष असला तर घोडेस्वाराचा साचा, बाई असली तर हा. सासूला हाच, सवतीला हाच, आणि देवीलाही हाच. साचा त्याच्या आजोबांनी कोरला होता, त्यांच्या आजोबांचा झिजला म्हणून. त्याच्याही आधी कोण कोणासमोर बसलं होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. देवी आधी की बाई आधी, असं मी विचारलं. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मायला म्हणाला, "बाई, पोरगं वकील हाय का तुमचं?"

"पेपरात हाय," माय म्हणाली.

"मंग बरोबर."

पाय का नाहीत हेही मी विचारलं. "तिले कुठी जाचं हाय?" तो म्हणाला. "पाह्याचं काम हाय तिले. म्हनून डोये मोठे."

हे उत्तर मी तेव्हा विनोद म्हणून ऐकलं. नंतर गावच्या शिवेवरचा, कुठल्याशा गेलेल्या बाईचा जुना दगड मुद्दाम जाऊन पाहिला. त्यावर कोरलेल्या बाईचे डोळे याच घडणीचे आहेत, पायांच्या जागी दगड सपाट आहे. पितरांच्या दिवशी घराच्या भिंतीवर बायका कुंकवाने जी बाई काढतात तिलाही आधी डोळे काढतात. पाय कधी काढतात, कधी विसरतात. दगड कोरणारा, सोनाराचे आजोबा आणि आमच्या घरच्या बायका यांची कधी भेट झाली नव्हती. तिघांनीही मेलेल्या माणसाचं काम काय आहे ते ठरवून मग त्याला अवयव दिले होते.

सोनाराने पत्रा साच्यावर ठेवला, वर शिशाचा तुकडा धरला आणि हातोडीने ठोकला. पत्रा उलटा करून मायच्या हातावर ठेवला. टाक तयार होता. जो हरवला होता तोच, नवा. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते लपवायचं कारण नाही. चेहरा परत मिळाला होता. तो अनेक घरांत अनेक बायकांचा म्हणून चालतो हे नुकतंच कळलेलं असूनही तसं वाटलं.

मायने टाक उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. मग सोनाराच्या पुढ्यात परत ठेवला.

"थोरली अशी नव्हती," ती म्हणाली.

मी तिला विचारलं, तू तिला पाहिलंस?

पाहिलं होतं. एकदाच. किन्हीराजाच्या बाजारात, कासारापाशी. माय तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेल. तिच्या आईने तिला बांगड्या भरायला आणलं होतं. शेजारी एक पोटुशी बाई हिरव्या बांगड्या भरत होती. हाताला सूज होती, बांगडी चढत नव्हती. कासार दाबायला लागला की ती बाई हसायची आणि तोंडावर दुसरा हात धरायची. हसता हसता एक बांगडी फुटली. तिने माझ्या मायला म्हटलं, तुह्या हातात जाते पाह्य कशी, माह्यावर रुसली हाय. पुढे वर्ष-दीड वर्षाने मायला आमच्या घरचं स्थळ आलं तेव्हा तिच्या आईने सांगितलं, ती कासारापाशी हसत होती, तिच्याच जागी जायचं आहे.

"तू पोटात होता," मायने मला सांगितलं.

हे मी चोवीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो. आधी का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. माझ्या आवाजात तक्रार असावी, कारण सोनार हातोडी खाली ठेवून दुसरीकडे पाहायला लागला.

"तुवा कधी इचारलं नाई," माय म्हणाली. "अन् तुले हेच माय वाटे. मंग कायले मोडू?"

माझा धंदा लोकांना विचारायचा होता.

सोनार म्हणाला, कशी होती सांगा, जमलं तर करतो. साच्याबाहेरचं काम तो सहसा करत नसे. त्याने लाख तापवून मऊ केली, टाक तिच्यावर बसवला, आणि बारीक छिन्न्या काढल्या. माय समोर बसली आणि सांगायला लागली. मी खिशातली वही काढली आणि लिहून घेतलं. ती वही माझ्याकडे आहे. नोंद अशी आहे: हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले, ओळीत नाही, चुलीच्या तीन दगडांसारखे. वरचा ओठ आखूड. डाव्या कानात बुगडी. गाल भरलेले, कदाचित पोटुशी म्हणून. डोळे मोठे नाहीत, हसली की बंद होतात. रंग सावळा, पुढे कंसात, चांदीत येणार नाही.

माझ्या जन्मदातीचं प्रत्यक्ष पाहणाऱ्याने केलेलं एवढंच वर्णन उपलब्ध आहे. ते मला तिच्या सवतीने दिलं.

काम दुपारपर्यंत चाललं. सोनाराने साच्यावरून आलेले डोळे ठोकून बारीक केले. डाव्या बाजूला कान काढला, त्यात बुगडी. हनुवटीवर तीन टिंबं दिली. माय सांगताना स्वतःच्या तोंडावर बोट ठेवत होती. इथं ठिपके, इथून ओठ असा, गाल इथवर. सोनार तिचं बोट पाहत होता आणि छिन्नी चालवत होता. चूक कुठे होत आहे हे मी समोर बसून पाहत होतो, पण ते मला कळलं नाही. मायला कळलं नाही, आणि सोनारालाही कळलं असं वाटत नाही. टाक हातात आला तेव्हा आम्हा तिघांनाही तो बरोबर वाटला. मी सोनाराचे आभार मानले नाहीत. बस सुटेल म्हणून आम्ही घाईने निघालो.

संध्याकाळी माय घरात गेली आणि मी विहिरीवर गेलो. वडील बैलांना पाणी दाखवत होते. मी त्यांना टाकाबद्दल काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, थोरलीच्या तोंडावर काही खूण होती का.

एका बैलाचं पिऊन झालं, दुसऱ्याला पुढे घेतलं. मग त्यांनी उजव्या हाताचं बोट स्वतःच्या हनुवटीवर टेकवलं. एकदा वर, दोनदा खाली. माझ्या आयुष्यात त्यांनी तिच्याबद्दल दिलेली ही पहिली माहिती होती. मी आणखी विचारणार होतो, पण ते बैल घेऊन गोठ्याकडे निघाले.

तृतीयेला आत्याने घागर मांडली, टाक पाटावर ठेवला, आणि कुंकू लावायला वाकली. वाकलेलीच राहिली.

"अवं," ती मायला म्हणाली, "हे तं तूच हायेस."

आत्याने दोघींना जवळून पाहिलं होतं. टाकावरचं नाक मायचं, गाल मायचे, कपाळ मायचं. ठिपके तेवढे थोरलीचे. सोनाराने जे समोर दिसलं ते काढलं होतं. आत्या मागे सरकली. जितं माणूस पितरांत ठेवत नसतात, ती म्हणाली. हा आटवून टाका, साच्यातला आणा. शेजारची एक बाई आली होती, ती बाहेर जाऊन सांगेल याची आत्याला जास्त भीती होती. वडिलांनी टाक हातात घेतला, पाहिला, खाली ठेवला आणि डोकं खाली घालून बसले. त्यांना काय दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही.

मायचा चेहरा उतरला होता. ती देवभोळी होती, आणि आत्याच्या शब्दाबाहेर जाताना मी तिला पाहिलं नव्हतं. तिने टाक उचलला आणि माझ्यापुढे धरला. तुला कोण दिसते, असं तिने विचारलं.

घरात सगळे माझ्याकडे पाहत होते. मी काय म्हणतो त्यावर तो टाक राहणार की आटणार हे ठरणार होतं, आणि तिथे बसलेल्या सगळ्यांत फक्त मीच थोरलीला पाहिलेलं नव्हतं. हो म्हणून टाकणं सोपं होतं. मी खरं ते सांगितलं. मला सांगता येणार नाही, मी पाहिलं नाही.

"मी पाह्यलं ना," माय म्हणाली.

तिने टाक पदराला पुसला, दोऱ्यात ओवला आणि गळ्यात बांधला. मग पुरणाचा पहिला घास काढून त्याला लावला. आत्या त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली, आणि मायला वाढायला लावून मीठ कमी असल्याचं सांगितलं.

मी अकोल्याला परतलो. पुढच्या वर्षी पेरणीआधी वडील वखर हाकत होते तेव्हा जुना टाक मातीतून वर आला. एका कडेला दुमडलेला, काळा पडलेला. चेहरा शाबूत होता. वडिलांनी तो धोतराच्या सोग्यात बांधून आणला. आत्याने चिंचेने घासला आणि मायला म्हणाली, आता खरा आला, तो उतरव.

हे घडलं तेव्हा मी तिथे नव्हतो. मायने नंतर सांगितलं आणि आत्यानेही, वेगवेगळ्या वेळी, सारखंच सांगितलं. माय म्हणाली होती, "तो कोनाचाबी हाय, हा तिचा हाय." आत्याने मग विचारलं, याचं काय करू. मायने सांगितलं, देवीचा म्हणून ठेवा. साचा तोच होता.

आत्याने तो देव्हाऱ्यात देवीच्या ओळीत ठेवला. रोज कुंकू लावलं. सुट्टीला गेलो की मी पाहत असे. ज्या चेहऱ्याला मी लहानपणी आई समजलो त्याची आरती होत होती, आणि आत्या शेजारणींना सांगत होती की ही देवी आमच्या वावरात निघाली. शेजारणींनी तिला नवस बोलायला सुरुवात केली. त्या सगळ्या पऱ्हाट्यांच्या वावरात चाळणी घेऊन आलेल्या बायका होत्या. देव कुठून येतात यावर मी नंतर काही पुस्तकं वाचली. त्यांत जे लिहिलं आहे ते आमच्या घरात वर्षभरात घडलं, आणि कोणी खोटं बोललं नाही.

माय तो दुसरा टाक शेवटपर्यंत घालत होती. नवं लुगडं त्याला आधी दाखवत होती. माझ्या लग्नात तिने मला आधी त्याच्या पाया पडायला लावलं, मग स्वतःच्या. टाक तिच्याच गळ्यात असल्यामुळे मी दोन्ही वेळा तिच्यासमोरच वाकलो.

ती गेली तेव्हा दोरा कापून टाक काढला. चालीप्रमाणे मुलाने आईचा टाक करायचा असतो. रिसोडला सोनाराचा मुलगा दुकानात बसत होता. मायचे फोटो आता होते, त्याने ते मागितले. मी टाक केला नाही. तिच्या गळ्यातला तोच देव्हाऱ्यात ठेवला.

देव्हाऱ्यात आता ते दोन्ही टाक आहेत. पहिला एका कडेला दुमडलेला आहे, डोळे मोठे, पाय नाहीत, आणि तो देवी म्हणून पुजला जातो. दुसऱ्याच्या डाव्या कानात बुगडी आहे, याला एकाच व्यक्तीचा आधार आहे. नाक, गाल आणि कपाळ कोणाचं याबद्दल आत्याचं म्हणणं वर दिलं आहे. हनुवटीवर तीन ठिपके आहेत, एक वर, दोन खाली. ते माझ्या मायने सांगितले होते, आणि वडिलांनी, तिच्याशी बोलणं न होता, बोटाने दाखवले होते.